लंडन चालत सांगणारे धोंडूमामा

धोंडूमामा गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. महाडचा तो बाजाराचा दिवस होता. तिसऱ्या तासाला मी वर्गावर भूगोल शिकवत होतो आणि दारात मामांच्या वाडीतला गणू येऊन उभा राहिला. विकायला आणलेला लाकडाचा भारा अजून त्याच्या डोक्यावरच होता. "मास्तर, मामा गेलं," तो म्हणाला. आणि मी, हातात खडू धरून, अगदी सहज विचारलं, "कुठं?" आज लिहिताना माझं मलाच नवल वाटतं, पण माझी काही चूक नव्हती. मामा गेले म्हटलं की कुठं हा प्रश्न आमच्या घरात आपोआप यायचा, कारण त्यांचे पाय एका जागी कधी ठरलेच नाहीत. गणू बिचारा भारा सावरत म्हणाला, "आता कुठं म्हंजे... मास्तर, खरंच गेलं." आदल्या संध्याकाळी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, झाडाचा टहाळ तोडून आणला, अंगणात बसून तांब्याभर पाणी प्याले, मामींना म्हणाले, "जरा पडतो गो," आणि उठलेच नाहीत. आजारपण नाही, कुणाला हाक नाही. असं जाणंही त्यांनाच शोभणारं होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पोलादपूरहून उमरठच्या बाजूला चालत निघालं की तीन तासांवर डोंगराच्या अंगाला त्यांची दहा-बारा घरांची वाडी आहे. वाडीतले बहुतेक तरुण मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत असतात. मामाही गोदीत गेले आणि तिथून एका मालवाहू बोटीवर आगवाला म्हणून लागले. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभा राहून भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा माणूस. पाच-सहा वर्षं त्यांनी ते काम केलं. दुनियेतली कितीतरी बंदरं त्यांची बोट हिंडली, पण कोळशाच्या खोलीला खिडकी नसते. त्यामुळे "बघितलं" असं ते एकाच गावाबद्दल म्हणत. ते गाव म्हणजे लंडन, आणि तेही सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा एक दिवस.

त्या एका दिवसावर आमचं सगळं बालपण पोसलं. मात्र मामांची एक अट होती. लंडन ते फक्त चालताना सांगत. ओसरीवर बसून कुणी विचारलं तर म्हणत, "चालत बघितलंय रे मी. बसून कसा सांगू?" मे महिन्याच्या सुट्टीत आई मला घेऊन माहेरी निघाली की मामा आम्हाला उतरवून घ्यायला पोलादपूरला येत. आईचं गाठोडं खांद्यावर टाकत आणि गावाबाहेरचा ओढा ओलांडला की म्हणत, "हं, ही आली गोदी. आता बोटीवरनं उतरा." तिथून वाडीपर्यंत लंडन चाले. वाटेतल्या लाकडी साकवावर तिथला तो मधून उघडणारा पूल. पुढचा गोल डोक्याचा काळा कातळ म्हणजे घुमटाचं मोठं देऊळ. उंच एकटं सावरीचं झाड म्हणजे घड्याळ, आणि चढ संपल्यावरचं बेहड्याचं भलंथोरलं झाड म्हणजे राजवाडा. आजही वाडीतल्या बायका गुरं शोधताना एकमेकींना सांगतात, "तांबडी राजवाड्याखाली चरते बघ." त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

त्या दिवसाची हकिकत मी शंभर वेळा तरी ऐकली असेन. जमेल तशी सांगतो... उभ्या उभ्या लिहायला हवी होती खरं तर.

बोट लंडनच्या गोदीत आठवडाभर होती. निघायच्या दिवशी सकाळी सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, मामांना मोकळं सोडलं आणि बजावलं, "दिवे लागायच्या आत ये. बोट भरतीला सुटणार. कुणासाठी थांबणार नाय." मामांना इंग्रजीचे चार शब्दही येत नव्हते. मागे राहिले असते तर परक्या मुलखात, त्या थंडीत, ना ओळख ना पाळख. घरी नवी नवरी होती आणि म्हातारी आई होती. तरी ते निघाले. "इतक्या लांब येऊन गाव न बघता परत गेलो असतो, तर तुझ्या मामीनं घरात घेतलं असतं का मला?" असं ते विचारत. वाट चुकायची भीती त्यांना वाटली नाही, कारण वाट राखायची रीत आमच्या डोंगरात प्रत्येकाला ठाऊक असते. रानात अनोळखी वाटेने जाताना जिथं वाट फुटते तिथं हिरवी डहाळी ठेवायची आणि वर दगड ठेवायचा. परतताना त्या खुणेवर यायचं. मामांना तीच रीत लंडनला लावायची होती. पण गोदीच्या दारात उभे राहून पाहतात तो काय, डहाळी तोडायला झाड नाही आणि डहाळीवर ठेवायला दगडही नाही! "एवढा मोठा राजाचा गाव, पण एक दगड सुटा पडलेला नाय," हे सांगताना त्यांचा आवाज अजून चकित होई. मग त्यांना आपला कोळसा आठवला. बोटीवर कोळशाला काय कमी! परत जाऊन उपरण्यात पंचवीस-तीस खडे बांधून घेतले, अंगात सारंगाचा जुना डगला चढवला आणि निघाले. जिथं वळण घेतलं, तिथं भिंतीच्या कडेला एक खडा.

मग त्यांनी पोटभर लंडन बघितलं. पूल मधून फाटून वर उचलला गेला आणि खालून बोट गेली, तेव्हा ते इतक्या मोठ्याने "आयो!" म्हणाले की शेजारचा गोरा टोपी सावरत दूर सरकला. घुमटाच्या देवळात जायचं म्हणून त्यांनी पायऱ्यांवर वहाणा काढल्या, तर तिथला माणूस त्या उचलून पुन्हा त्यांच्या पायाशी आणून ठेवी. दोन वेळा असं झाल्यावर मामा बाहेरूनच हात जोडून पुढे गेले. घड्याळाचे टोल पडले तेव्हा ते पुलाच्या कठड्याला टेकून उभे होते. "नदी काय मोठी नाय रे. आपल्या तुडीलला सावित्री बघ, तेवढीच. पण वळते मात्र तशीच." शेवटी राजवाडा. दार बंद होतं. मामांनी बाहेरून खिडक्या मोजायला घेतल्या, पण मध्येच सोडून दिल्या. "एवढ्या खिडक्या, पण एकीत वाळत घातलेलं लुगडं नाय. माणसं राहतात का नाय, कळंना!"

प्रत्येक वळणावर खाली वाकणारा हा काळा माणूस पाहून एका पोलीस शिपायाने त्यांना दोन गल्ल्या नजरेत ठेवलं, पण पुढे सोडून दिलं. दुसरं एक माणूस मात्र मागोमाग येतच राहिलं. काळी टोपी घातलेली, टोपीला सुकलेलं फूल लावलेली एक म्हातारी बाबागाडी ढकलत येत होती. देवळाशी दिसली, घड्याळाशी दिसली. मामांना वाटलं, नातवाला फिरवत असेल. इतक्या थंडीत पोराला बाहेर काढलंय म्हणून त्यांना थोडा रागही आला.

राजवाडा बघून ते माघारी वळले, पहिल्या कोपऱ्यावर आले, आणि तिथं खडा नव्हता. त्यांना वाटलं कोपरा चुकला. दुसऱ्या कोपऱ्यावर गेले, तिथंही नाही. आकाश राखेसारखं भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही, त्यामुळे दिशाही कळेना. चारी बाजूंना एकासारखी एक विटांची घरं. "मी तिथंच खाली बसलो रे," मामा सांगत. या जागी आम्ही बेहड्याखाली असू आणि मामा खरोखर खाली बसत. आईही गाठोड्याला टेकून बसे आणि हजार वेळा ऐकलेलं असूनही विचारी, "मग पुढं?" "माझ्या डोळ्यांपुढं घर आलं. म्हटलं, धोंड्या, संपलं. आता इथंच मरायचं." आणि तेवढ्यात ती बाबागाडी चाकं कुरकुरत समोर आली. मामांनी आत डोकावून पाहिलं. आत पोर नव्हतं. आत त्यांचा कोळसा होता, एकावर एक नीट रचलेला, सगळाच्या सगळा.

बोटीच्या पोटात कोळशात गुडघाभर उभा राहणारा माणूस तो. त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं की राजाच्या गावात कुणी कोळसा वेचत असेल. "आपल्याकडं बाया शेणी वेचतात, काटक्या वेचतात. म्हटलं, इथं पण हायेत तर वेचणाऱ्या! मला तिचा राग यायचा तो येईचना." म्हातारीला मात्र वाटलं, हा आता परत मागणार. ती गाडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून तिच्या भाषेत भांडायला लागली. मामा त्यांच्या भाषेत. "आगो बाय, कोळसा तुला घे, मला वाट दे!" ती ओरडे, हे ओरडत, दोघांचं एकमेकांना अक्षर कळेना. शेवटी मामांनी दोन्ही हात जोडून पुढे बोटीचं टोक केलं, गाल फुगवले आणि भर रस्त्यात बोटीचा भोंगा वाजवला, "भोंऽऽऽ!" आमच्याकडे तो भोंगा समोरच्या डोंगरावरून परत येई आणि आम्ही लोळत हसू. लंडनमध्येही माणसं थांबून हसली म्हणे. म्हातारीही हसली. तिच्या तोंडात दोनच दात होते. तिने मामांकडे पाहिलं, गाडीतल्या कोळशाकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की हे खडे म्हणजे त्याची परतीची वाट होती. तिने गाडी फिरवली.

ती राहायला गोदीच्याच बाजूला होती. पहिला खडा तिने तिथेच उचलला होता आणि पुढचा मिळेल या आशेने ती दिवसभर मामांच्या मागोमाग सगळं लंडन चालली होती. आता ती उलटी निघाली. प्रत्येक कोपऱ्यावर बुटाचं टोक जमिनीवर टेकवी आणि मामांकडे बघे, हा बघ, इथं एक होता. एकही कोपरा चुकली नाही. "जिथनं शेणी उचलली ती जागा बाई इसरत नाय," मामा सांगत. गाडी मामांनी ढकलली. वाटेत तिने त्यांना पिंजऱ्यातले पक्षी विकणारा दाखवला, एका दुकानाच्या काचेआडचे पाव दाखवले, एका पायरीवर बसवून पदराआडून काढावं तसा डगल्यातून पावाचा तुकडा काढून अर्धा दिला. दिवे लागायला आणि गोदीचं दार दिसायला एकच गाठ पडली. मामांनी उपरण्यात उरलेले खडेही तिच्या गाडीत रिकामे केले. तेव्हा तिने एक खडा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला, वरून त्यांची मूठ मिटवली आणि निघून गेली. वर बोटीच्या कठड्यावरून सारंग केकाटत होता, "धोंड्या, बोट तुझ्या बापाची हाय काय?"

इथवर सांगून होईपर्यंत आम्ही वाडीत पोचलेले असू. गोष्टीतली बोट म्हणजे मामांचं घर. अंगणाच्या कडेला उभे राहून मामा हाक देत, "सारंग, आलो होऽ!" आणि आतून राधामामी कमरेवर हात ठेवून बाहेर येत आणि तारस्वरात ओरडत, "धोंड्या, बोट तुझ्या बापाची हाय काय? तुझी भाकर दुसऱ्यानं खाल्ली!" आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे वाचकांना सांगायला नको. मामींनीही उभ्या जन्मात एरवी ते घेतलं नाही. पण बोटीवरून परत आल्यावर मामांनी पहिल्यांदा ही हकिकत सांगितली, तेव्हा हसण्याच्या भरात त्यांनी सारंगाचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि मग दातांखाली जीभ धरली. अंगणातली माणसं पोट धरून हसली. आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो. ते सारंगानं घेतलं, तू नाय." तेव्हापासून ती सवलत कायमची झाली. लग्न होऊन आलेल्या नव्या सुना मुद्दाम ते ऐकायला थांबत.

तो खडा घरातल्या कोनाड्यात असे. दसऱ्याला कोयते, विळे, पाभर यांच्या बरोबरीने त्यालाही हळदकुंकू लागे. मामी म्हणत, "लोकं इलायतेस्नं घड्याळं आणतात, आमच्या घरात कोळसा आला." खरं तर तो विलायतेचाही नव्हता. तो बोटीवर मुंबईलाच भरलेला. मामांना ते पक्कं माहीत होतं. "म्हंजे काय? तो पण माझ्यासारखा इथनं जाऊन परत आलाय!"

मी इंग्रजी शाळेत गेलो आणि जरा शहाणा झालो. महाडच्या बाजारात एका शिकलेल्या गृहस्थाने मामांना चारचौघांत विचारलं होतं, "लंडन बघितलंस म्हणे? मग तिथला अमुक रस्ता कुठं?" मामांना नाव सांगता आलं नाही, आणि लोक हसले. त्या हसण्याने माझ्याही मनात शंका शिरली. मॅट्रिकच्या वर्षी मी शाळेतून लंडनचा मोठा नकाशा मागून आणला आणि मामांना न दाखवता, पाठीमागे पाठीमागे चालत, विचारत गेलो. उजवीकडे वळलात का? मग नदी कुठल्या हाताला? मामा पुढे चालत सांगत होते, मी मागून बोट फिरवत होतो. गोदीपासून पूल, पुलापासून देऊळ, देवळापासून घड्याळ... नदी जिथं वळते म्हणाले तिथं ती वळत होती. बेहड्याशी मी नकाशा घडी करून पिशवीत टाकला. मामांनी मागे न बघताच विचारलं, "काय रे, जुळला का गाव?" मला मान वर करवेना. ते हसले आणि भोंगा वाजवला.

पुढे मी पुण्याला कॉलेजात निघालो. आमच्या दोन्ही घरांत आधी कुणी चौथीपुढे गेलेलं नव्हतं. मी घाबरलो होतो, आणि ते लपवण्यापुरतंही शहाणपण माझ्याजवळ नव्हतं. मोटारीशी सोडायला मामा आले. त्यांनी कोनाड्यातला खडा माझ्या हातावर ठेवून मूठ मिटवली. "वाट चुकशील. चुकू दे. पण चकचकीत माणसाला इचारू नको. ज्याच्या हातात काम हाय त्याला इचार." पहिल्याच दिवशी मी पेठांत हरवलो. दोन टोपीवाल्यांजवळ जाऊन तोंड उघडेना. तेवढ्यात एक भाजीवाली पाटी उतरवत होती. तिला विचारलं. तिने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि मला वसतिगृहाच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. चार वर्षं त्या खड्याने माझ्या टेबलावरचे कागद दाबून धरले. बी. ए. झाल्यावर तो परत करायला वाडीत गेलो. परीक्षेतला मामांना काही कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी वाट दाखवली त्यांना सांगून आलास का?" मी भाजीवालीला सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेस पुण्याला गेलो तेव्हा तिला शोधून काढलं आणि सांगितलं. तिला मी आठवतही नव्हतो, पण ती खूश झाली आणि दोन काकड्या दिल्या.

निरोप आला त्या दिवशी मी धावत वाडीत गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं. हाक द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. तेरावं झालं, माणसं पांगली.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी एकटाच. ओढा ओलांडला आणि कळायच्या आत मनात म्हटलं, ही आली गोदी. साकव गेला, कातळ गेला, सावर फुलांनी लाल झाली होती. बेहड्याखाली जरा बसलो. अंगणाच्या कडेला आलो तेव्हा आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. हाक द्यावी की नाही ते कळेना. मामींचं दुःख अजून ओलं, त्यात हा खेळ... पण पाय तिथे थांबले की तोंडातून तेच येतं, इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, "सारंग, आलो हो!"

भाकरीचा आवाज थांबला. कोनाड्यातला खडा मला अंगणातूनच दिसत होता. मामी हाताचं पीठ झाडत उंबऱ्यात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे, वाटेकडे पाहिलं. हळूहळू त्यांचा एक हात कमरेवर गेला.

"एकटाच आलास? धोंड्या मागं राहिला वाटतं," त्या म्हणाल्या. "हात-पाय धू. बोट थांबवू जरा."